एकमेव साक्षीदार

घोरणाऱ्या मनुष्याला स्वतःचे घोरणे कधीच ऐकू येत नाही. आणि जे ऐकलेच नाही त्याची कबुली कोणी का द्यावी? या भक्कम मुद्द्यावर आम्ही घरातला हा खटला बारा वर्षे लढवला. फिर्यादीची एकमेव साक्षीदार म्हणजे आमची सौ.; ती पडली हितसंबंधी, तेव्हा तिचा जबाब आम्ही कधी ग्राह्य धरला नाही.

गेल्या जत्रेला मात्र निकाल फिरला. फोंड्याकडील आमच्या कुलदेवाच्या अग्रशाळेत पाच-सहा कुटुंबांची अंथरुणे एका ओळीत पडली होती. पहाटे चौघडा वाजण्यापूर्वीच सारी मंडळी जागी दिसली. मुले आमच्याकडे पाहून हसत होती. वृद्ध मावशी तेवढी हसत नव्हती. ती म्हणाली, "घोरतोस त्याचे काही नाही रे, पण मध्येच तुझा श्वास थांबतो. मी दोनदा उठून बसले."

सौ. हळूच म्हणाली, "मावशी, मी रोज बसते."

यावर उलटतपासणी करण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

पणजीच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले ते असे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, उताणे निजल्यास जीभ मागे सरकते, आणि त्या अरुंद वाटेने हवा जाताना मऊ टाळू व पडजीभ थरथरतात. तोच हा नाद, पुष्कळदा निरुपद्रवी. परंतु वाट पुरती मिटली की श्वास दहा सेकंद किंवा अधिकही अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, आणि मेंदू दचकून देहाला जागे करतो. सकाळी त्याची आठवणही राहत नाही. पुढे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. दुपारी न्यायालयात येणाऱ्या पेंगेचा दोष आम्ही आजवर प्रतिपक्षाच्या युक्तिवादाला देत होतो!

अंगाला तारा जोडून एक रात्र काढली. श्वास तासाला ३४ वेळा अडत होता.

कुशीवर निजावे, निजण्यापूर्वी मद्य घेऊ नये, वजन उतरवावे, अशी आज्ञा झाली. मद्याचे कलम आम्हांस लागू नव्हते. वजनाचे पुरेपूर होते. शिवाय नाकावाटे हलक्या दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी राखणारे यंत्र आले. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती १९८१ साली जगापुढे मांडली. तो मुखवटा चढवला की आम्ही शिमग्यातल्या सोंगासारखे दिसतो.

आता खोली शांत असते. आरंभी त्या शांततेनेच सौ.ला झोप येईना. अजूनही मध्यरात्री कधी जाग आली, तर तिचा हात आमच्या छातीवर असतो.