मुंग्यांच्या घरचे भाडेकरू

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की कर्नाळ्याचे पक्षी-अभयारण्य लागते. मंडळी तेथे पक्षी बघतात. मी पाने शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी शोधतो. सह्याद्रीत रेडस्पॉट फुलपाखराची अळी ह्या मुंग्यांना गोड रस पाजते, त्या तिची राखण करतात. भाडे कसे चोख! ईशान्य भारतात मात्र ह्याच जातीच्या मुंग्यांच्या घरट्यात लिफायरा फुलपाखराची अळी राहते आणि यजमानिणींची पिल्लेच खाते. पाठ ढालीसारखी टणक. चावा लागतच नाही. पुढे कोषातून निघालेल्या फुलपाखराचे सैल खवले मुंग्यांच्या तोंडात भरतात, तेवढ्यात स्वारी पसार! मुंग्या गेल्या तर दोघेही भाडेकरू बेघर. पण सहलीला आलेली पोरे घरटे दिसले की काठी घालतात, आणि चावल्या की मुंग्यांनाच शिव्या देतात.