काकांचा फिलर गेज

माझ्या टेबलावर बोटभर लांबीचा, चाकूसारखा मिटणारा, फट मोजायचा एक पोलादी फिलर गेज आहे. बाहेरून दोन पट्ट्यांचं कवच, आत एका स्क्रूवर फिरणारी पाती. मूळची तेरा. सर्वांत पातळ ०.०५ मिलिमीटरचं, सर्वांत जाड १ मिलिमीटरचं. प्रत्येकावर त्याची जाडी कोरलेली. आता बारा उरली आहेत. ०.३०चं पातं मुळापासून तुटलं आहे. सगळ्यात जास्त तेच राबलं, म्हणून आधी तेच गेलं.

आमचं माधवनगर सुताचं गाव. कॉटन मिल, यंत्रमाग, दिवसभर चालणारी खटखट. गावात सूत दोन प्रकारचं असे. एक मागावरचं, दुसरं फिटरच्या तोंडातलं. ‘अर्धं सूत घास’ असं तो म्हणतो तेव्हा त्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. या गेजचा कारभार त्याच्याही पुढे बारीक. त्याची सर्वांत पातळ पाती एकावर एक ठेवली, तर एक सूत भरायला साठाहून जास्त लागतील.

हा गेज घरात आला काकांबरोबर. सातारा-सांगलीकडची पोरं फौजेत जायची ती पायदळात, तोफखान्यात. काका नौदलात गेले, आर्टिफिसर म्हणून. आर्टिफिसर म्हणजे जहाजाच्या यंत्रांचा कसबी कारागीर. माधवनगर स्टेशनवर गाडीत बसून ते निघाले आणि पोहोचले लोणावळ्याला. नौदलाची इंजिनं शिकवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून तिथे, घाटमाथ्यावर आहे. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. दर्यावर जायचं तर डोंगरावर कशाला? काका म्हणायचे, ‘‘आई, पाणी नंतर. आधी लोखंड.’’

सुटीवर आले की गेज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचाच. एका मे महिन्यात शेजाऱ्यांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन खडखडत होतं. काकांनी झाकण काढलं, कॉटन वेस्टनं तेल पुसलं, इंजिन हातानं फिरवून ठरल्या जागी आणलं आणि ०.३०चं पातं व्हॉल्व्हच्या दांडीवर सरकवलं. मग माझं बोट धरून म्हणाले, ‘‘ओढून बघ. वहीत दाबून ठेवलेलं पिंपळाचं पान ओढताना जेवढं अडेल, तेवढंच अडलं पाहिजे. फाटायलाही नको, गळून पडायलाही नको.’’ मी ओढलं. ते सैल आलं. त्यांनी स्क्रू जरासा आवळला, नट धरून ठेवला. पुन्हा ओढलं. आता ते अडत अडत आलं. इंजिन सुरू झालं तेव्हा खडखड गेली होती.

‘‘मग पूर्ण आवळूनच का टाकत नाही?’’ मी विचारलं.

‘‘लोखंड तापलं की वाढतं. फट ठेवली नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसणार नाही आणि जळेल. फट जास्त ठेवली, तर आपटत राहील. फट हवीच. ती किती, हे कळलं पाहिजे.’’

गेजचा स्वभाव असा. तो आवाज करत नाही, ताकद लावत नाही, काही कापत नाही. दोन लोखंडांच्या मधल्या जागेत शिरतो आणि तिथलं खरं सांगतो. त्याला पेलायचं तर हातानं वर्षानुवर्षं तेल खाल्लेलं असावं लागतं, कारण अडणं किती आणि सैल किती हे आकड्यात नसतं, बोटात असतं.

इंजिनरूमच्या उष्म्यात आणि गोंगाटात अशी पुष्कळ वर्षं गेली. मग काकांची निवड झाली आणि ते स्पेशल ड्यूटीजचे अधिकारी झाले. नौदलात त्यांना एसडी ऑफिसर म्हणतात. प्रजासत्ताकदिनी किंवा स्वातंत्र्यदिनी ज्येष्ठ खलाशांना मानद कमिशन जाहीर होतं, ते वेगळं. हे खरंखुरं कमिशन, खांद्यावर सोनेरी पट्टी आणि सहीला वजन. दंडावर आधी एक नांगर, मग एकमेकांवर आडवे दोन, असं पायरीपायरीनं चढलेला माणूस पट्टीपर्यंत पोहोचला तो यंत्राच्या जाणतेपणावर. ज्यांच्याबरोबर मेसमध्ये जेवायचे ते कालपर्यंत ‘चीफ’ म्हणत, आज ‘सर’ म्हणू लागले. जेवणाचं टेबल अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममध्ये गेलं. गेज मात्र त्याच खिशात राहिला.

हुकूम देणारे आणि यंत्र जाणणारे यांच्या मधली ही फट नौदलाला फार पूर्वीपासून माहीत आहे. शिडांच्या जमान्यातल्या अधिकाऱ्यांना वाफेचं इंजिन कळत नव्हतं, ज्यांना कळत होतं त्यांना टेबलावर जागा नव्हती. ब्रिटिश नौदलानं इंजिनिअरांना कमिशन दिलं ते १८४७ मध्ये, आणि स्पेशल ड्यूटीजची वेगळी यादी केली १९५६ मध्ये. अमेरिकेतही खालून वर आलेल्या अशा तांत्रिक अधिकाऱ्यांचा वर्ग आहे, तिथे त्यांना प्रेमानं ‘मस्टँग’ म्हणतात. आणि फट मोजलीच नाही तर काय होतं, हे आपल्या मुंबईनं पाहिलं आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण तळावरचे नाविक उठले. निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांची अपमानाची भाषा यांवरून पडलेली ठिणगी बघता बघता जहाजाजहाजांवर पसरली. ती पोरं अडाणी नव्हती. यंत्रं आणि संदेश सांभाळणारी, शिकलेली पोरं होती. त्यांच्या आणि साहेबांच्या मधल्या जागेत कुणी पातं सरकवून पाहिलं नव्हतं.

काकांसारखा अधिकारी त्या जागेतलं पातं असतो. अकादमीतून आलेल्या तरुण लेफ्टनंटला तो सांगू शकतो की हा जनरेटर अजून किती तास ओढेल. खाली बॉयलरसूट घातलेल्या पोराला तो सांगू शकतो की वरचा हुकूम का आला. दोन्ही भाषा त्याला येतात, कारण दोन्ही घरांत तो जेवला आहे. अंतर तो मिटवत नाही. जहाजावर अंतर लागतंच. ते योग्य किती, हे त्याच्या बोटांना कळतं.

०.३०चं पातं तुटलं ते काका निवृत्त होऊन गावी आल्यावर, यंत्रमागाच्या कारखान्यातल्या जनरेटरवर. मी नवा गेज आणू म्हणालो. त्यांनी ०.२० आणि ०.१०ची पाती एकावर एक धरली आणि काम पुरं केलं. ‘‘एकाला जमत नसेल तिथे दोघांनी मिळून जावं,’’ एवढंच म्हणाले.

काका गेले. गेज मी महिन्यातून एकदा पुसतो, तेलाचा एक थेंब देतो.

आयटीआयला जाणाऱ्या मुलाला आपल्याकडे अजून ऐकवतात, ‘नीट शिकला असतास तर हात काळे झाले नसते.’ वाचकहो, एवढं एक वाक्य आपल्या घरातून काढून टाका. काकांच्या खांद्यावरची सोनेरी पट्टी काळ्या हातांनीच मिळवलेली होती.