भरल्या गाडीचे गणित

आमच्याजवळ एक दोन दारांची, लाल रंगाची, वयाने बरीच वाढलेली गाडी आहे. तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणावे की नाही याविषयी मतभेद आहेत, आणि ते सगळे आमच्या घरातच आहेत. ही गाडी आम्ही वापरलेली विकत घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिला 'खाली बसवले'. म्हणजे स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापून टाकली. गाडी चाळीस मिलिमीटरने जमिनीजवळ आली. मूळची चौदा इंची पोलादी चाके काढली आणि सोळा इंची, रुंद अलॉय चाके चढवली. जुन्यांपैकी एक चाक तेवढे डिकीत स्टेपनी म्हणून राहिले. गाडी उभी असली की मडगार्डच्या कमानीत टायर असा काही चपखल दिसे, की तिच्यापासून दूर जाताना आम्ही दोनदा तरी मागे वळून पाहत असू.

चारचौघांना सांगावे असे यात काही नाही. परंतु मागच्या हिवाळ्यात, उसाच्या हंगामात, आम्ही तात्यांना आणि आईला घेऊन पुण्याहून पंढरपूरला निघालो आणि या गाडीविषयीचे आमचे मत बदलले.

तात्या म्हणजे आमचे वडील. त्यांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली. आजही शेजारच्या सीटवर बसले की वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो. आमच्या गाडीत बसताना त्यांना आधी छताला धरून वाकावे लागते, मग स्वतःला खाली सोडून द्यावे लागते. उतरताना हीच क्रिया उलट, आणि गुडघे त्यांना त्याची आठवण करून देतात. त्यांनी याविषयी कधी तक्रार केली नव्हती. आम्ही त्यांची ती चुप्पी संमती समजत होतो.

मागे आई आणि आमची सौभाग्यवती, डिकीत पिशव्या. भिगवणच्या पुढे मागच्या बाजूने 'खर्र' असा आवाज येऊ लागला. सपाट रस्त्यावर शांतता, पण जोड लागला, उंचवटा आला की खर्र.

"मागचं डावं घासतंय," तात्या म्हणाले.

"रस्त्याचा आवाज आहे," आम्ही म्हणालो.

हे खोटे होते. पूर्वी एकदा बहीण आणि मेहुणे मागे बसले असता हाच आवाज आम्ही ऐकला होता आणि खापर गतिरोधकावर फोडले होते. आपल्याकडचे गतिरोधक ओबडधोबड असतात हे खरेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, आणि गावोगावचे गतिरोधक या मापाला क्वचितच मानतात. पण पुणे-सोलापूर महामार्गावर त्या दिवशी गतिरोधक नव्हता. उजनी धरणाच्या खाली भीमेचा पूल ओलांडताना जळक्या रबराचा वास आला. आई काही बोलली नाही. तिने फक्त खिडकी खाली करता येते का असे विचारले. दोन दारांच्या गाडीत मागची खिडकी खाली होत नाही.

टेंभुर्णीत, पंढरपूरचा फाटा जवळ आला तेव्हा, आम्ही एका टायरच्या दुकानासमोर थांबलो. दुकानापुढे उसाने लादलेली ट्रॉली उभी होती आणि बैल सोडलेल्या एका टायरगाडीचे चाक मिस्त्रींच्या पायाशी पडले होते. तेवढे काम संपवून ते आमच्याकडे वळले. त्यांनी जॅक लावला, चाक काढले आणि बोट फिरवले. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर सबंध वर्तुळभर चर पडला होता, आणि एका जागी रबराखालचे धागे दिसत होते.

"ह्यो टायर आता संपला," ते म्हणाले. "आनी चाळीस किलोमीटर गेला असता तर फुटला असता. किती मानसं बसलीती?"

"चौघे."

"तेच. रिकामी गाडी कवाच घासत न्हाई, सायेब."

त्यांनी डिकीतले जुने चाक चढवले. मग उजव्या मागच्या टायरच्या खांद्यावर खडूने पांढरा पट्टा ओढला, चाकापुढे एक फळी टाकली आणि म्हणाले, "बसा सगळी." आम्ही बसलो. गाडी फळीवरून पुढे-मागे केली. उतरून पाहिले तर दोन बोटे रुंदीचा खडू पुसला गेला होता आणि मडगार्डची आत वळलेली पत्र्याची कड पांढरी झाली होती. मग डावीकडे, जुन्या चाकावर, तोच प्रयोग. तिथला खडू जसाच्या तसा राहिला.

यातले गणित सोपे आहे. आमचा मूळ टायर १८५/६० आर १४ होता. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या साठ टक्के, चाक चौदा इंची. एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर. नवा टायर २०५/४५ आर १६, व्यास सुमारे ५९१. टायर वीस मिलिमीटरने रुंद, त्यातला अर्धा भाग बाहेर. शिवाय चाकाच्या मध्यापासून बोल्टची बैठक किती आत-बाहेर आहे, ज्याला 'ऑफसेट' म्हणतात, तो ४५ वरून ३५ वर आला. म्हणजे चाक आणखी दहा मिलिमीटर बाहेर. एकूण वीस मिलिमीटर बाहेर आणि जवळजवळ सात मिलिमीटर वर. त्यात गाडी चाळीस मिलिमीटर खाली. एकट्या चालकाच्या वजनाला हे कसेबसे जमते. मागे दोन माणसे बसली की उरलेली जागाही संपते.

आम्ही विचारले, "पत्र्याची कड ठोकून आत वळवली तर?"

"वळवतो की. पर स्प्रिंग कापल्याली हाय. तिला दबायला जागाच ऱ्हायली न्हाई. कड वळवली तर कडंला घासायचं थांबंल, मग खड्ड्यात आपटंल." थोडे थांबून ते म्हणाले, "तवर मागं कुनी बसू नका. दोगं येस्टीनं जावा."

आम्ही काही बोलण्याआधीच तात्यांनी पिशवी उचलली होती.

अशा रीतीने आमचे आईवडील टेंभुर्णीच्या स्थानकावरून एस.टी.ने पंढरपूरला गेले आणि आम्ही त्यांच्या मागून आमच्या गाडीतून. मागची जागा रिकामी होती. गाडी अजिबात घासली नाही. इतकी सुरेख, इतकी निःशब्द ती पूर्वी कधी चालली नसेल. पुढे बसच्या मागच्या काचेत आईचा पदर दिसत होता. सौभाग्यवती संबंध वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. स्थानकावर तात्या बसमधून सहज उतरले, आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "गाडी रिकामी किती छान चालते हे कोणी विचारत नाही रे. डेपोत तरी आम्हांला कधी विचारलं नाही."

व्यवहारात टिकलेला हवेचा टायर १८८७ साली बेलफास्टमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरने, जॉन बॉइड डनलॉपने, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केला. मुलाला हादरे बसू नयेत एवढाच हेतू. ज्या वस्तूचा जन्म आपल्या माणसाला हादरा बसू नये म्हणून झाला, ती आम्ही पातळ करत, ताणत, शेवटी आपली माणसे बसली की फाटेल अशी करून ठेवली होती. पुढे आम्ही कायदाही वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. पण खरे सांगायचे तर आम्हांस लाज वाटली ती कलमामुळे नव्हे.

पुण्यास परतल्यावर कारखान्याच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. याच गाडीच्या वरच्या प्रतीला कारखान्यातूनच येणारी पंधरा इंची चाके मिळवली, टायर १९५/५० आर १५. व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे मुळापासून जेमतेम दोनाचा फरक. मग खडू आणला, चारही टायरांवर पट्टे ओढले आणि घरातल्या सगळ्यांना बसायला सांगितले. सोसायटीच्या दारातल्या उंचवट्यावरून चार फेऱ्या मारल्या. तात्या उतरले, वाकून पाहिले, कमानीत दोन बोटे घालून पाहिली. खडू शाबूत होता.

"बास," ते म्हणाले.

गाडी आता पूर्वीसारखी दिसत नाही. कमानीत मोकळी जागा दिसते, गल्लीतल्या एका पोराने "काका, उंच का केली?" असे हळहळून विचारले. गाडी लावल्यावर आम्ही हल्ली मागे वळून पाहत नाही. डाव्या दाराशी जाऊन उभे राहतो, कारण तात्यांना उतरताना अजूनही हात द्यावा लागतो.