ओळीच्या दिवसांत भेंडी

फाल्गुनात नंदुरबारच्या पथाऱ्यांवरील मिरचीचा लाल रंग ओसरू लागतो, तेव्हा गावातील एका व्यापारी घराच्या परसात हिरवा रंग चढत असतो. सासूबाईंनी तिथे माघ शुद्ध पंचमीला भेंडी आणि गवार टोकली होती. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नसे, म्हणून गळण्यातून गाळलेले पाणी सूर्यास्तापूर्वी सूनबाई घालीत. कीड पडली तरी औषध फवारायचे नाही, त्या रोपाची आशा सोडायची, हा घरचा नियम होता.

गुढीपाडव्याला पहिली भेंडी ताटात आली. पुढच्याच आठवड्यात चैत्र शुद्ध सप्तमी उजाडली आणि सासूबाईंची आयंबिल ओळी सुरू झाली. पौर्णिमेपर्यंत ९ दिवस एक वेळचे अन्न. त्यात तेल, तूप, दूध, दही, गूळ नाही. हिरवी भाजी तर त्या दिवसांत घरात सर्वांनीच वर्ज्य केलेली. इकडे परसात भेंडी भराला आली होती. ती एक दिवसाआड तोडली नाही, तर शेंग जून होते आणि झाडाला नवी फुलेही कमी येतात.

"आई, आपण नाही खाणार, पण शेजारी तरी देऊ या," सूनबाई म्हणाल्या.

"तोडणारा हात आपलाच ना?"

"मग त्यांनाच येऊन तोडायला सांगते."

"करणे, करविणे, अनुमोदणे, तिन्ही सारखेच गं."

सूनबाईंना ते लागले. "दोन महिने पाणी मी घातले आहे, आई."

सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ओळी माझी आहे, तुझी नाही. तुला तोडायची तर तोड. मी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई टोपली घेऊन परसात गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या तेव्हा टोपली रिकामी होती आणि वाफे ओले होते. सासूबाईंनी काहीच विचारले नाही.

पौर्णिमा सरली तेव्हा शेंगा इतक्या जून झाल्या होत्या की विळीला दाद देईनात. बहुतेक गाईपुढे गेल्या. दोन जोमदार झाडांवरच्या मात्र सूनबाईंनी राखून ठेवल्या. वैशाखाच्या उन्हात त्या वाळून तडकल्या. सूनबाईंनी बी काढून राखेत घोळवले आणि बरणीत भरले.

पुढच्या माघात सासूबाईंनी शुद्ध पंचमीला बरणी मागितली. सूनबाई पंचांग घेऊनच आल्या.

"आई, पेरल्यापासून भेंडी धरायला सुमारे ५० दिवस लागतात. अमावास्येला टोकली, तर पहिली तोडणी पौर्णिमेनंतरच येईल."

सासूबाईंनी बोटांवर तिथी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

"हिशेब बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि बरणी सूनबाईंच्या हाती परत दिली.