वाय नसलेला उंदीर

जपानच्या दक्षिणेला आमामी ओशिमा नावाचं बेट आहे. तिथल्या जंगलात काटेरी केसांचा एक उंदीर राहतो. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. हाबू हा विषारी साप अंगावर आला की तो जागच्या जागी उंच उडी मारून वार चुकवतो. पण मला त्याचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. त्याच्या नरात वाय गुणसूत्रच नाही!

शाळेत आपण शिकलो, आईकडून नेहमी एक्स मिळतं, बापाकडून एक्स किंवा वाय. वाय मिळालं तर मुलगा. या उंदरात नराला आणि मादीला दोघांनाही एकच एक्स. नर घडवणारं एसआरवाय जनुकही गायब. मग नर होतो कसा? होक्काइडो विद्यापीठातल्या असातो कुरोइवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये उत्तर दिलं. तिसऱ्या गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावर, सॉक्स-9 या जनुकाजवळ, सुमारे 17,000 अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो. हे फक्त नरातच. म्हणजे वाय गेलं तरी निकाल बापाकडूनच लागतो.

मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नव्हे. पण आमच्याकडे तिसरी मुलगी झाली की नजरा अजून सुनेकडेच वळतात. दुसऱ्या निकाहची कुजबुज सुरू होते. वर्गात एक्स-वायची आकृती काढणारे गुरुजीसुद्धा त्या बैठकीत गप्प बसलेले मी पाहिलेत. (बारशाच्या घरी हीच तऱ्हा, अकीक्याच्या घरीही हीच.)

या उंदराच्या जिवावर उठला तो मात्र माणसाचा शहाणपणा. हाबू मारायला 1979 मध्ये बेटावर सुमारे 30 मुंगसं सोडली. त्यांचे पूर्वज ओकिनावात नेले होते ते आपल्याच बाजूचे, गंगेच्या मुखाकडचे. मुंगूस दिवसा हिंडतं, हाबू रात्री. भेट होणार कशी? मुंगसांनी खाल्ले ते उंदीर आणि ससे. पुढे त्यांची संख्या 10,000 च्या घरात गेली. पिंजरे लावून, कुत्रे शिकवून जपानने ती एकेक करून पकडली. शेवटचं मुंगूस 2018 मध्ये सापडलं आणि 2024 मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

उंदीर पुन्हा दिसू लागलेत. आता भीती आहे ती रात्रीच्या रस्त्यावरच्या गाड्यांची आणि माणसांनी सोडून दिलेल्या मांजरांची.