जयपुरांतील एक दुपार

सवाई प्रतापसिंहानें १७९९ सालीं बांधलेला हवामहाल आम्हींही सर्वांप्रमाणें रस्त्यावरूनच पाहिला आणि लौकरच त्रिपोलिया बाजाराकडे वळलों. सवाई जयसिंहानें १७२७ मध्यें आंखून वसविलेल्या ह्या शहराचे रस्ते इतके सरळ, कीं पुण्याच्या बोळांत वाढलेल्या मनुष्यास येथें वाट चुकणेंही साधत नाहीं!

सांगानेरी छिटांच्या दुकानांत वृद्ध मालकानें लांकडी ठसे दाखविले. आधीं बाह्यरेषेचा, मग प्रत्येक रंगास निराळा. एवढ्याशा फुलास तीन-चार ठसे. हात केसभर हलला तर सारें वस्त्र वायां. मग सहज विचारलें, "आपण कोठले?" "महाराष्ट्रांतले," असें सांगतांना आमचा स्वर कां कोण जाणे, खालीं आला. समोरच ईसरलाट उभी होती. ती उभारणाऱ्या ईश्वरीसिंहानें, खंडणीसाठीं होळकरांची फौज चालून येत असतां, डिसेंबर १७५० मध्यें विष घेतलें. आणि १० जानेवारी १७५१ रोजीं, आमच्यासारखेच शहर पाहावयास शिरलेले मराठे ह्याच रस्त्यांत कोंडून मारले गेले. पानिपत आम्हीं शाळेंत घोकलें होतें. ही तारीख कोणीं शिकविली नव्हती.

म्हातारबुवा मात्र छिटा उलगडीत होते. आमच्या सौभाग्यवतींनीं रीतीप्रमाणें भाव पाडण्यास आरंभ केला. आम्हीं त्यांस खुणेनें थांबविलें व सांगितली ती रक्कम मुकाट्यानें मोजली. त्या पलंगपोसाचे पैसे अधिक गेले, असें त्या अजूनही म्हणतात.