दिवे लावण्याची विद्या

माझी पुतणी नाटकाची प्रकाशयोजना शिकण्यासाठीं अमेरिकेस जावयास निघाली, त्या दिवशीं ओसरीवर बसल्या बसल्या मी म्हणालों, "दिवे लावावयास इतक्या दूर कशाला जावयाचें? ते घरीं बसूनहि लावतां आले असते!" मंडळी खो खो हंसली. ती मात्र हंसली नाहीं. वांकून नमस्कार केला आणि गाडींत जाऊन बसली. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलेल्या माणसास श्लेषाचा मोह आवरत नाहीं. पण श्लेषाचें मोल पुष्कळदां दुसऱ्यासच द्यावें लागतें, हें मला फार उशिरां कळलें.

गेल्या उन्हाळ्यांत ती महिनाभर घरीं आली होती. आल्यापासून अबोल. दिवसा आईच्या हाताखालीं कामांत असे, आणि रात्रीं निजानीज झाली म्हणजे माजघरांत संगणक उघडून बसे. एके रात्रीं मी पाणी पिण्यास उठलों, तों ही पडद्यासमोर डोळे पुशीत बसलेली. "काय झालें, बाळ?" म्हणून विचारलें. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणालां होतां तेंच खरें झालें. मीं दिवेच लावले!"

हकीकत अशी. विद्यापीठांतील एका नाटकाच्या दिव्यांचा नकाशा तिनें काढला होता. रंगमंच छतांतून खालीं पाहिल्यासारखा. त्यावर आडव्या नळ्या, आणि नळ्यांना टांगलेल्या प्रत्येक दिव्याचें एक चिन्ह. तिकडे एका फुटास अर्धा इंच, म्हणजे १:२४, हें प्रमाण बहुधा धरतात. हें काम ती व्हेक्टरवर्क्स नांवाच्या प्रणालीवर करते.

पण दिवा नुसता टांगून भागत नाहीं. त्याला उपांगें लागतात. रंगीत पारदर्शक कागद धरणारी चौकट. झोत चारी बाजूंनीं छाटणारीं झडपांचीं 'बार्न डोअर'. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येणारी तिरीप अडविणारें काळें नळकांडें, त्यास 'टॉप हॅट' म्हणतात. वर्तुळ लहानमोठें करणारा 'आयरिस'. खिडकीची किंवा पानांची आकृति पाडणारा कोरीव पत्रा, तो 'गोबो'. नकाशांत ह्या प्रत्येकाचें चिन्ह ज्या त्या दिव्यास जोडावयाचें. सव्वासहा इंचांची चौकट कागदावर जेमतेम पाव इंचाची होते!

पुतणीनें चिन्हें जोडलीं, पण तीं मांडलीं नाहींत. चौकट आणि टॉप हॅट एकाच जागीं येऊन पडलीं, आणि छापील कागदावर दोन्ही मिळून एकच काळा ठिपका दिसला. दिवे टांगणाऱ्यांनीं चौकटी बसविल्या. टॉप हॅट राहून गेल्या. दिवे रोखतांना पहिल्या रांगेंत बसून कोणी पाहिलें नव्हतें. रंगीत तालमीस गुरुजन व निमंत्रित मंडळी बसली, आणि नेमक्या काळोख्या प्रवेशांत मागल्या दिव्यांची तिरीप त्यांच्या डोळ्यांत गेली. लोकांनीं डोळ्यांवर हात धरले. तालीम थांबवून शिड्या लावाव्या लागल्या. दोष यंत्राचा नव्हता, टांगणाऱ्यांचाहि नव्हता. तिनें तो सगळा आपल्या अंगावर घेतला. आतां पुढल्या नाटकाचा नकाशा काढतांना तिचा हात चालेना. शिक्षण सोडून परत यावें, असें तिनें मनाशीं जवळ जवळ ठरविलें होतें.

मी शेजारीं पाट ओढून बसलों. म्हटलें, "मला समजेल असें सांग." ती सांगूं लागली, आणि मला माझा जुना वर्ग आठवला. "अग, हा तर व्याकरणाचा धडा! दिवा हा धातु, आणि उपांगें हे उपसर्ग. 'गम्' एकच, पण आगमन, निर्गमन, उद्गम, संगम, अर्थ किती पालटतो पाहा. आणि उपसर्गांना क्रमहि असतो. 'समागम' होतो, 'आसंगम' कोणी म्हणत नाहीं."

"येथेंहि क्रम आहे, काका," ती म्हणाली. "गोबो आणि आयरिस भिंगाच्या आंत. भिंगापुढें रंगाची चौकट, तिच्यापुढें टॉप हॅट. पण खऱ्या दिव्यावर हीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. नकाशांत तीं दूर दूर मांडलीं तर नकाशा खोटा नाहीं का होणार?"

पोरीची खरी अडचण येथें होती. तिला खोटें काढावयाचें नव्हतें. मीं विचारलें, "ऋग्वेदाची संहिता आणि शाकल्याचा पदपाठ ह्यांत खरें कोणतें? संहितेंत शब्द संधीनें एकजीव झालेले. पदपाठांत प्रत्येक पद सुटें, पण क्रम तोच. पदपाठ खोटा नव्हे. तो समजून घेणाऱ्यासाठीं आहे. तुझा नकाशा शिडीवर, अंधुक उजेडांत उभ्या असलेल्या माणसानें वाचावयाचा. त्याला पदपाठ दे."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग कामास लागली. त्या प्रणालींत सपाट नकाशांतली जागा आणि त्रिमितींतली जागा वेगवेगळी ठरवितां येते. त्रिमितींत तिनें संहिता तशीच ठेवली. सपाट नकाशांत दिव्याच्या तोंडापुढें आधीं चौकट, मग केसभर फट, मग टॉप हॅट, अशीं चिन्हें ओळीनें सरकविलीं. शेजारच्या दिव्याच्या चिन्हांस तीं भिडूं नयेत, हेंहि पाहिलें. चिन्हें सुटीं दिसलीं तरी दिव्यापासून तोडलेलीं नव्हतीं. दिवा नळीवर सरकविला कीं तीं त्याच्याबरोबर जात, आणि सामानाच्या यादींत त्याच्याच नांवावर मोजलीं जात. नुसतें जवळ काढून ठेवलेलें चिन्ह डोळ्यांस बरोबर दिसतें, पण यादींत त्याची मोजदाद होत नाहीं. रंग पालटणाऱ्या यंत्रासारखें ज्यास स्वतःची वीज आणि नियंत्रण लागतें, त्यास तिनें स्वतंत्र क्रमांक दिला. शेवटीं कोपऱ्यांत चिन्हांची सूचि मांडली.

सकाळीं तिनें नकाशा छापून आणला, भिंतीस टांचला आणि मला चार पावलें दूर उभें करून परीक्षा घेतली. "सातव्या दिव्यास काय काय आहे?" मीं चष्मा सांवरून वाचलें, "आधीं चौकट. मग टॉप हॅट." महिनाभरांत ती प्रथमच मोकळेपणानें हंसली.

परत निघतांना तिनें पुन्हां वांकून नमस्कार केला. ह्या खेपेस मीं तिला उठवून म्हटलें, "मागल्या वेळीं बोललों तें विसर." ती म्हणाली, "विसरलें केव्हांच, काका." तिचें मन मोठें, मी मात्र विसरलों नाहीं.

आतां कोणी विचारलें, पुतणी काय करते, तर मी सांगतों, "दिवे लावते." ऐकणारा हंसला, तर त्यास ओसरीवर बसवून घेतों, पाणी देतों, आणि संहिता व पदपाठ ह्यांपासून आरंभ करतों. बहुतेक मंडळी अर्ध्यांतून उठून जातात. पण पुन्हां कोणी हंसत नाहीं.